आज निरोप पोचवू नका

वहिनी,

बारशाहून तुम्ही दुपारी परताल, तोवर मी पापनाशमच्या शाळेत असेन. सांबार झाकून ठेवलंय. मीठ जरा जास्त पडलंय, रागावू नका.

आज मुलांना इंग्रजीत एकाचं बोलणं दुसऱ्याने फिरवून कसं सांगायचं, ते शिकवायचंय. उदाहरणं तुमचीच घेणार होतो. अण्णांनी कचेरीतली नोकरी सोडल्यापासून अप्पा त्यांच्याशी बोलत नाहीत. समोर बसलेल्या मुलासाठी तुम्हाला सांगतात, "त्या दिवट्याला विचार, शेतात पाणी आलं का." तुम्ही वळून म्हणता, मामंजी पाण्याचं विचारताहेत. मधला दिवटा कुठे गळतो, ते कुठल्याच व्याकरणात सापडत नाही.

आज सकाळी मात्र तुम्ही घरात नव्हता. मी मागल्या दारी विहिरीवर होतो. अप्पांनी थोडा वेळ स्वयंपाकघराकडे पाहिलं, खाकरले आणि म्हणाले, "सेतू, काफी निवतेय."

अण्णा म्हणाले, "हो अप्पा."

मी ओल्या पंच्याने तिथेच उभा राहिलो. आत गेलो असतो, तर पुढचं वाक्य माझ्याकडे आलं असतं. अप्पांचं ते काफीचं एक वाक्य मी मुलांना फिरवायला देणार नाही.

आता दोघं एकाच गाडीतून शेतावर गेलेत. आल्यावर अप्पा सवयीने तुम्हाला हाक मारतील, "सांग त्याला" म्हणतील. तुम्ही चुलीपाशीच बसा. आज तुम्हाला ऐकू येत नाही.

तुमचा दीर,
प्राणेश