खुणेच्या दगडाजवळ वाचायचं मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, तळ्याच्या मोरीची राखणदार, वय चोपन्न, शिक्षण चौथी, काम पाणी सोडणं आणि पाणी अडवणं, राहणार बांधावरची खोली, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. तसा कागद डॉक्टरीणबाईंनी दिलाय, तो मागे टाचलाय. हे मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणायचा तर आधी माझ्याशी बोलावं लागतं, आणि तेवढी छाती कुणाची नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करायला वेळ नाही.

वाचायची रीत अशी. टपालवाल्याने मोठ्याने वाचावं. बांधावर, मोरीशेजारच्या दगडाजवळ, सगळ्यांसमोर. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, याने दगडावरच्या खुणेवर उजवा हात ठेवून उभं राहावं, पेपरातल्या फोटोत उभा होता तसं. हात ठेवल्याशिवाय पुढे वाचू नये.

ठेवला? वाचा.

कलम एक. बांधावरची खोली, पत्र्यासकट, माझ्या मुलाला. वर्षातून दोनदा फोन करतो आणि दोन्ही वेळा रेंज जाते. बायकोला माझ्याकडे ठेवून शहरात गेला तो गेलाच. विकायची तर विक बाबा, पण गिऱ्हाइकाला सांग की पावसात पूर्वेची भिंत पाझरते. लपवू नकोस. आपल्या घराण्यात लपवाछपवी एकीनेच करायची होती, ती करून झाली आहे.

कलम दोन. नवऱ्याचं जाळं कुणालाच नाही. नायलॉनचं आहे, कापून पुरावं. पाण्यात टाकू नये, कासवं अडकतात. हे जाळं खुंटीला का अडकून राहिलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या बाबांनी दगडावर एक आडवी रेघ कोरली, खाली तीन टिंबं. नियम एकच. पाणी उतरत रेघेला टेकलं की मोरी बंद. मग शेतं जळोत, माणसं बोंबलोत. रेघेखालचं पाणी माशांचं, लव्हाळ्याचं आणि आसपासच्या विहिरींचं. बाबांच्या वेळी रेघेखाली चार हात पाणी असायचं.

तेव्हा पाऊस चार महिने पुरवून पुरवून यायचा. आता तीन दिवसांत सगळा कोसळतो आणि बोडक्या टेकडीची माती तळ्यात आणून टाकतो. तळ वर आला. रेघ होती तिथेच. मी काठी टाकून बघितलं, रेघेखाली दीड हात पाणी उरलं होतं. सभेत उठून सांगितलं, खूण वर घ्या, मोरी लवकर बंद करा. तेव्हा दादा काय म्हणाला ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"चौथी शिकलीस तू. आता बापाला शिकवणार? बाबांची खूण हलणार नाही."

सगळे हसले. मी खाली बसले. आयुष्यात तेवढं एकदाच.

त्या वर्षी उन्हाळा दीड महिना जास्त बसला. नियमाप्रमाणे रेघेला मोरी बंद केली, मीच केली. नवव्या दिवशी दीड हात पाणी अंघोळीच्या पाण्यासारखं तापलं आणि मासे उताणे तरंगले. दोन दिवस पक्ष्यांची चंगळ झाली, मग पक्षीही गेले. विहिरींना वास यायला लागला. दादा म्हणाला, "आपण खूण पाळली, बाकी निसर्गाची मर्जी." माझ्या नवऱ्याने जाळं खुंटीला लावलं आणि वीटभट्टीवर कामाला गेला. चार महिन्यांनी परत आला तो झाकलेला. त्याला भट्टीने खाल्लं असं सगळे म्हणतात. मी म्हणते, बाबांच्या रेघेने खाल्लं आणि दादाने वाढलं.

कलम तीन. माझी छिन्नी आणि हातोडी दादाला.

दादा, हात काढू नकोस. ज्या रेघेवर तुझा हात आहे ती बाबांची नाही. माझी आहे. नऊ वर्षांपूर्वी, भर दुपारी, कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं तेव्हा बसून कोरली. जुनीच्या वर अडीच हात, खाली तशीच तीन टिंबं. बाबा डावरे होते, त्यांच्या रेघेचं उजवं टोक खाली वाकायचं, तेही वाकवलं. वरून शेवाळ आणि काजळी चोळली. आणि जुनी? ती छिन्नीने तासून काढली, मग तुला सांगितलं की दगडाला चीर गेलीय, सिमेंट भरायला हवं. घमेलं कुणी धरलं होतं आठवतंय? तूच. "नीट भर गं, बाबांचा दगड आहे," म्हणालास.

पुढच्या उन्हाळ्यात दोघातिघांना शंका आली, खूण वर सरकल्यासारखी दिसते म्हणाले. मला तोंड उघडावंच लागलं नाही. तू ओरडलास, "अरे, दगड सरकतो का कधी? पाण्याकडे बघा, खुणेकडे नका!" माझी खोटी रेघ नऊ वर्षं तू राखलीस. मासे परत आले. लव्हाळं आलं, बदकं आली, पेपरवाला आला. "वडिलांच्या शहाणपणाने तळं वाचवलं," आणि खाली तुझा फोटो, हात माझ्या रेघेवर. ते कात्रण मी फ्रेम करून ठेवलंय. तेही तुलाच. दिवाणखान्यात लाव.

कलम चार. खोलीमागची माझी विहीर, दोर आणि कप्पीसकट, वहिनीला.

वहिनी, तुम्ही बसून घ्या. रेघ वर गेली म्हणून मोरी दरवर्षी तीन आठवडे आधी बंद व्हायला लागली. पहिल्याच वर्षी तुमची लिंबाची बाग वाळली. चाळीस झाडं, तुमच्या हातची. तुम्ही मोरीपाशी आलात, माझा पदर धरलात. "एक दिवस उघड गं. फक्त एक दिवस. मी कधी काही मागितलंय का तुझ्याकडे?" खरंच कधी मागितलं नव्हतं. मी म्हणाले, "मला काय विचारता? खुणेला विचारा." तुम्ही खरोखर खुणेकडे बघितलंत आणि मुकाट्याने घरी गेलात.

तुमची बाग माझ्या रेघेने मारली. एक दिवस उघडली असती तर दुसऱ्या दिवशी दुसरी वहिनी आली असती. माफी मागत नाही, मागून चाळीस झाडं उभी राहत नाहीत. विहीर घ्या. रेघेखालचं पाणी तिला पाझरतं, नऊ वर्षांत तिचा तळ दिसलेला नाही. नवी झाडं लावा. मला शिव्या देत पाणी घाला, पाण्याला फरक पडत नाही.

कलम पाच. मोरीची चावी. सगळे यासाठीच उन्हात उभे आहात, मला माहीत आहे.

ती दादाला नाही. मुलाला नाही. सुनेला.

या सुनेशी माझं एक दिवस पटलं नाही. तिच्या हातचं जेवण म्हणजे शिक्षा, आणि ती दार लावते की आपटते ते अजून ठरायचंय. पण तीन वर्षांपूर्वी ती दगडाजवळून आली आणि म्हणाली, "आई, खूण जुनी नाहीये."

"कशावरून गं, शहाणे?"

"जुन्या घावांच्या कडा पाण्याने गोल होतात. या बोटाला लागतात."

ती पुढे म्हणाली, "आणि परत वर न्यायला हवीय. मी काठी टाकली. गाळ अजून हातभर चढलाय."

मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. मग स्वतः काठी टाकली. हातभरच होता.

त्याच महिन्यात दादा तिला चारचौघांत म्हणाला, "परक्या घरच्या पोरींनी बाबांच्या खुणेला बोट लावायचं नाही." एका वाक्यात ती त्याला उघडा पाडू शकली असती. नाही पाडलं. घरी येऊन दार तेवढं आपटलं.

आता कुणी म्हणेल, म्हातारीने नऊ वर्षं झाकलं, तर मरताना कशाला सांगितलं? सांगते. गाळ थांबत नाही, उन्हाळा थांबत नाही, आणि तुम्ही माझ्या रेघेची बाबांची रेघ करून ठेवलीत. चार-पाच वर्षांत हीच रेघ मासे मारेल. चोरून कोरायला मी नसेन. सुनेने चोरून का करावं? म्हणून कलमातच लिहिते. दरवर्षी पाणी उतरल्यावर सुनेने सगळ्यांसमोर काठी टाकावी. काठीला चार हातांपेक्षा कमी लागलं तर मोरी बंद, आणि काठी सांगेल तिथे नवी रेघ. कुणाला गाळ उपसून रेघ खाली आणायची असेल तर फावडं घेऊन उतरा, मी आडवी नाही. जुनी रेघ हवी म्हणून कुणी भांडायला आला तर त्याने ती दाखवावी. सिमेंटखाली नुसता तासलेला दगड आहे.

कलम सहा, शेवटचं. पहिली नवी रेघ आजच, हे वाचून झाल्या झाल्या. हातभर वर. छिन्नी दादाची, पण मारायची सुनेने. माझी बुजवायला सिमेंट खोलीत कोपऱ्यात आहे, मी आणून ठेवलंय.

दादा, आता हात काढ. घमेलं धर. तुला सवय आहे.

सही: (माझीच, वाकडी)

साक्षीदार एक: टपालवाला. वाचून घेतलं, दोनदा थांबला, पाणी प्यायला.
साक्षीदार दोन: डॉक्टरीणबाई. सही करताना हसल्या, मग नाही हसल्या.

ठिकाण: बांधावरची खोली.
तारीख: चौथ्या महिन्याची सतरा. पाणी खुणेच्या वर दोन वीत, उतरतंय.