दादाच्या कादंबरीतली आई

कडाव,
दि. ९ जानेवारी १९७४

तीर्थरूप दादास,
धाकट्या पदूचा नमस्कार.

तुमची अकरावी कादंबरी कर्जतच्या वाचनालयात आली. तिच्यासाठी लोक नंबर लावून आहेत. पहिल्या पानावर नायकाची आई याही वेळी मेलेलीच आहे.

आईला हे ठाऊक नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवतो. पहिल्या कादंबरीच्या वेळी वाल सोलता सोलता तिने विचारलं, "पदू, यात मी हाय का रं?" मी हो म्हणालो आणि मनच्या चार ओळी घातल्या. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात घालतो. "माज्या सखाला समदं ध्यानात हाय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आता ती अंथरुणावर आहे. डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले आहेत. ती म्हणते, "त्याला बोलीव. माजं पान त्याच्या तोंडून ऐकू दे एकदा."

माझ्या ओळी तुमच्या हाती दिल्या, तरी तिच्यासमोर तुमचा आवाज अडखळेल. न बोलावलं, तर ती तुम्हांला न पाहता जाईल.

दादाला पत्र लिहिलं, असं मी तिला सांगितलं आहे. ते खरं आहे. पेटीत टाकायला मात्र हात उचलत नाही.

आपला,
पदू