आईच्या नावाची गिटार

बाबा, आपल्या गिटारचं नाव पुन्हा विकलं गेलं. या वेळी घेणारे पुण्याकडचे आहेत. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. चहा निवला तरी मी तीच वाचत बसले.

तुम्ही मुळात आपल्या देवळाची, चर्चची बाकं बनवणारे. बाहेरची इलेक्ट्रिक गिटार तेव्हा मिळत नव्हती आणि लग्नातल्या बॅंडवाल्यांना तर ती हवीच असायची. म्हणून केळीच्या वाडीमागच्या शेडमध्ये तुम्ही एक करून पाहिलीत आणि तिच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाने आईचं नाव लिहिलंत. पुढे गोव्याचे वादकही ते नाव विचारत वसईला यायला लागले. माझं शिक्षण संपलं होतं. तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळायचं काम माझ्याकडे आलं. मी गुंडाळते आहे, तुम्ही पलीकडे लाकूड घासताय, खोकताय. भुसा तुमच्या पापण्यांवर, चहाच्या कपात, सगळीकडे.

ऐंशी साल उलटल्यावर मुंबईचा तो रेडिओवाला शेठ आला. ओट्यावर बसून म्हणाला, "शेड नको, माणसं नकोत. नाव आणि साचे द्या." तो गेल्यावर मी म्हटलं, "विकू नका. मी चालवते."

"तू चालवशील, ठाऊक आहे मला. म्हणूनच विकतोय."

"म्हणजे?"

"डॉक्टरने माझी छाती बघितलीय. तुझी तशी व्हायला नको."

आई मासळी साफ करता करता ओल्या हातांनी बाहेर आली. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली ती, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. "नाव माजं नि इकनार तुमी? मला कोनी इचारलं का?"

तुम्ही ओशाळलात. मग सरळ उभे राहून म्हणालात, "विचारतो. विकू?"

तिने पदराला हात पुसले. "इका," म्हणाली. "मानूस राहू दे."

मी त्या वर्षी ईस्टरआधीचा अख्खा उपासकाळ तुमच्याशी बोलले नाही. चंदनसारच्या शाळेत नोकरी धरली आणि शेडकडे पाठ करून जेवायला बसायची. पुढे तुळिंजच्या एका लग्नात शेठच्या कंपनीची गिटार पहिल्यांदा दिसली. आई तडक स्टेजवर चढली आणि वाजवणाऱ्याला म्हणाली, "ह्ये माजं नाव हाय." तो म्हणाला, "कोणतं गाणं पाहिजे, आंटी?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला आणि पाणी आणायला मी धावले. मग तुम्ही डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलंत. तुम्ही खोट काढाल म्हणून मी वाट बघत होते.

"बरी वाजते," एवढंच म्हणालात.

विकल्यानंतर तुम्ही आणखी काही वर्षं मिळवलीत. नातवाला मांडीवर घेतलंत, वाडीत पाणी सोडलंत. आई म्हणायची, सौदा चांगला झाला. मला ते कळत होतं, पण पटायला फार वेळ लागला. तोवर तुम्ही नव्हतात.

परवा नव्या मालकांकडून एका मुलीचा फोन आला. नम्र होती. खोक्यावर छापायला ही गिटार पहिल्यांदा बनवणाऱ्याचा फोटो हवाय, म्हणाली. मी म्हटलं, आमच्याकडे एकही नाही.

आहेत, बाबा. एकात तुम्ही आणि आई शेडच्या दारात उभे आहात आणि ती तुमच्या केसांतला भुसा झटकते आहे. तो मला कुणाला द्यायचा नाही.