जनरलची टाकी

३ फेब्रुवारी
मेहुण्याकडे जाऊन आलो. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश पाळलेत. तासभर कौतुक ऐकावं लागलं. मासा असा हवा की बघणाऱ्याने एक पाऊल मागे घ्यावं. ठरलं.

७ फेब्रुवारी
रेडटेल कॅटफिश आणला. सध्या बोटाएवढा, पण मिशा रुबाबदार. नाव जनरल. दुकानदार म्हणत होता, हा मांडीएवढा होतो, घरात ठेवू नका. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, हे त्याला समजावलं. गप्प झाला. अज्ञान उघडं पडलं की माणसं गप्प होतात.
टाकीत हिचे छोटे निऑन मासे आधीपासून आहेत. भावंडांसारखे राहतील, असं हिला सांगितलं.

८ फेब्रुवारी, सकाळ
निऑन दिसत नाहीत. दगडाआड असावेत.

संध्याकाळ
दगडाआड नाहीत. जनरलचं पोट फुगलंय. ही बोलत नाहीये. हिला निसर्ग समजत नाही.

२० एप्रिल
जनरल हातभर झाला. टाकी दिसते त्यापेक्षा मोठी असावी. मला बरोबर ओळखतो. कोळंबी तेवढी ही भरवते, कारण वासाने मला मळमळतं. देखरेख माझी.

११ जून
ऑफिसातल्या साहेबांना आणि मेहुण्याला प्रात्यक्षिकाला बोलावलं. बाही सरकवून हात पाण्यात घातला. जनरलने मनगटापर्यंत तोंडात घेतला. हे प्रेमाचं लक्षण, असं मी शांतपणे सांगितलं. तो सोडेना. मग शांतपणा आवरता घेतला. शेवटी ही आली, अहो, ओढू नका म्हणाली आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला कोळंबी धरली. सुटलो. घड्याळ आत राहिलं. मेहुणा हसता हसता खुर्चीवरून घसरला. साहेब म्हणाले, उद्या रजा घ्या. भित्रा माणूस.

१३ जून
जनरलने घड्याळ ओकून टाकलं. बंद आहे. हल्ली कशालाच दर्जा नाही.

५ ऑगस्ट
जनरल वळायला गेला आणि काच तडकली. सगळं पाणी खालच्या मजल्यावर. तिथल्या निवृत्त नर्सबाई पलंगावर छत्री उघडून बसल्या होत्या. काच हलक्या प्रतीची निघाली, एवढंच त्यांना सांगायला गेलो. दार लावून घेतलं. संस्कार नाहीत.
जनरलला ओल्या चादरीत गुंडाळून बाथटबमध्ये ठेवलं. तोंडाकडून हिने धरलं. शेपटीची जबाबदारी मी घेतली.

९ ऑगस्ट
अंघोळीला मेहुण्याकडे जावं लागतं. टॉवेल गुंडाळून गोल्डफिशसमोर नंबर लावायचा. आज त्याने साबणही स्वतःचा आणा म्हणून सांगितलं. कोत्या मनाची माणसं.

१२ ऑगस्ट
हिने मला न विचारता मत्स्यालयात फोन केला. म्हणे, त्याला धड वळता येत नाही, मला बघवत नाही. पिंपातून नेलं. ही देणगी आहे, हे तिथल्या माणसाला मी स्पष्ट केलं. तो हिलाच विचारत बसला. काय खातो, कधी खातो, कशाने बुजतो. तज्ज्ञाला विचारायची लोकांना लाज वाटते. येताना ही रडली. माझ्या डोळ्यांत धूळ गेली.

३० ऑगस्ट, रविवार
जनरलला भेटायला गेलो. हिला मागच्या दाराने आत घेतलं. दर रविवारी तीच भरवते, हे मला आज कळलं. मला तिकीट काढून काचेपुढच्या गर्दीत उभं राहावं लागलं. जनरल ऐसपैस फिरत होता. मी हात हलवला. तो सरळ माझ्या दिशेने आला आणि वर गेला. वर पाण्यात हिचा हात होता. हिच्या बोटांतून त्याने कोळंबी अलगद उचलली, बोटांना धक्कासुद्धा लागला नाही.
शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण हो त्या? माझी बायको, म्हणालो. मग तुम्हीही इथेच काम करता का, म्हणाल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, काका, जरा सरका, मासा दिसत नाहीये.
सरकलो.