रेषेवरचा फोटो

किसुमू, १५ जुलै १९७४

सौ. हरणाबाई हिस नाथाजीचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? आठ दिवस जिवाला चैन नाही.

काल कारखान्यातले आम्ही सहाजण विषुववृत्ताची रेषा बघून आलो. उत्तर कुठली, इंजिनियरांना सांगता येईना. जुलैत इथं दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यावरून मी चौथी शिकलेल्यानं दाखवली.

सोबत फोटो आहे. पाटीच्या डावीकडं उत्तर, म्हणजे आपलं फलटण. बाकीचे रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून उभे आहेत. मी तसा नाही.

माझे पाय कुठं आहेत, ते पत्र वाचणाऱ्या ज्ञानूनं सांगायचं नाही. पट्टी सुटली की तू स्वतः बघ आणि कळव.

वाट बघतोय.

तुझा,
नाथाजी