बारा गावांची माती

मुंबई, १४ डिसेंबर २०२५

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. वहिनीचे पापड पोचले, आमच्या ओमकारने निम्मे कच्चेच फस्त केले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आमचं काम तुला सांगितलं होतं. कुठे चोरीचा किरणोत्सारी माल सापडला, तर तो कुठून आला हे आपल्या देशाला आपलं आपण ओळखता यावं. त्यासाठी आधी ठिकठिकाणच्या साध्या मातीची ओळख जमवायची. कर्जत-खालापूर मी हट्टाने मागून घेतलं आणि मेमध्ये बारा गावांसाठी बारा पिशव्या तुझ्या हाती दिल्या. "तू कशाला उन्हात फिरतीस गं? मी हाय ना," म्हणालास. प्रयोगशाळेतल्या सरांना मी छातीठोकपणे सांगितलं, माझा सख्खा भाऊ आहे.

दादा, बाराही पिशव्यांत राख निघाली. नेरळला राख, शिळफाट्याला तीच राख, ठाकुरवाडीच्या कड्यावरही तीच. कड्यावर कोण राब भाजतं रे? यंत्राने आकडे नंतर दिले, मी पिशवी उघडताच ओळखलं होतं. पेरणीआधी शेण-पाला पसरून बाबा राब भाजायचे, त्याच जमिनीतून मी लहानपणी भाताची रोपं उपटली आहेत.

म्हटलं, कंटाळा केला असेल, बाराही आपल्याच भातखाचरातून भरल्या असतील. खात्री करायला परवा खाचरावर आले. घरी आले नाही. खाचर नव्हतंच. भराव, तारेचं कुंपण, बंगल्यांच्या प्लॉटची पाटी. शेजारची विमलकाकू म्हणाली, "तुला ठाव नाय? वीस मेला खरेदीखत झालं."

ठाकुरवाडीच्या नमुन्याच्या फॉर्मवरही वीस मेच आहे. खाली तुझी सही.

हक्कसोडपत्रावर मी सही केली तेव्हापासून जमीन तुझ्या नावावर, विकायचा हक्कही तुझा. सांगितलं असतंस तर मी रडले असते, आडवी आले नसते. भाऊबीजेला मी ओवाळत होते तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं आणि तू हसत होतास. ते हसू मला विसरता येत नाही.

सरांना मी खरं सांगितलं. नमुने बाद झाले, काम माझ्याकडून काढून घेतलं. पिशव्या टाकून द्यायला सांगितल्या. अकरा टाकल्या. बारावी घरी कपाटात आहे. तिच्यावरची ठाकुरवाडीची चिठ्ठी काढून मी खरं नाव लिहिलं: बाबांचं खाचर.

ती मागायला येऊ नकोस.

डोळे मिटून सही करणारी तुझी बहीण,
समिधा