मिल्तोसला मारलेली हाक

९ सप्टेंबर १९४७
बोट बेटाला लागली आणि धक्क्यावर अख्खं गाव जमलेलं पाहून हसूच आलं. नवी शिक्षिका बघायला! माझी पेटी कुणी उचलायची यावरून दोघं भांडलेसुद्धा. घरमालकीण गारूफालियाकाकू मला बघून म्हणाली की ही काडी वारा सुटला की उडून जाईल, आणि लगेच तेलात परतलेल्या वांग्यांची ताटली पुढे केली. ही बदली मी मागून घेतली आहे, हे मात्र इथे कुणाला ठाऊक नाही.

१४ सप्टेंबर
चार वर्षांपूर्वी, लढाई चालू असताना, माझ्या धाकट्या भावाचं, मिल्तोसचं विमान याच समुद्रात पडलं. तो सापडला नाही, म्हणून आई अजून त्याचं ताट वाढते. तो कसा गेला एवढं कळलं तर तिला ठामपणे सांगता येईल. आज विमानाचा विषय काढला. काकूने भांडी आपटली. म्हातारा कोळी मान्थोस म्हणाला, बाई, तुम्ही पोरांना शिकवा, आमच्या खपल्या कशाला काढता? पण मीही हटणारी नाही.

२१ सप्टेंबर
तो माझा भाऊ होता, असं आज सांगूनच टाकलं. मान्थोसने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग बोलला. भर दुपारी विमान धूर सोडत आलं, पाण्यावर आपटलं आणि तरंगत राहिलं. एकजण पंखावर चढून हात हलवू लागला. होडी काढेल त्याला गोळी, असा तेव्हा बेटाचा ताबा घेतलेल्या जर्मनांचा हुकूम होता. शिवाय सगळ्यांना वाटलं, असेल कुणी इंग्रज. मग तो ओरडला, आपल्या भाषेत. अरे, या ना रे, मी आपलाच आहे!

आम्ही सगळ्यांनी ऐकलं, मान्थोस म्हणाला, आणि कुणी हललं नाही. पंख बुडेपर्यंत ओरडत होता पोरगा.

त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग त्याच्याच शेजारी बसून रडले.

२३ सप्टेंबर
समुद्रात गेलेल्याला इथे खडकावरून नावाने हाक मारतात आणि सांगतात, तू मेलास, आता जा. काकू म्हणते, सांगितलं नाही तर त्याला कळतच नाही ग. मिल्तोसचं नाव कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्याला हाक मारायची राहूनच गेली. त्यामुळे भर दुपारी त्या खडकाकडे अजून कुणी फिरकत नाही, त्याचं ओरडणं ऐकू येतं म्हणे. भुताखेतांना मी आजवर हसत आले. पण नाव माझ्याजवळ आहे. उद्या जाते.

२४ सप्टेंबर
मेलेल्यांच्या नावाने वाटतात ते उकडलेले गहू घेऊन बायका मागे उभ्या होत्या. मी हाक मारली. पुढचं वाक्य ओठांवर आलं आणि अडलं. आईसमोर इतकी वर्षं तेच गिळत आले आहे. तोंडातून निघालं, मिल्तोस, घरी ये, आई वाट बघतेय.

काकूने माझं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता. बायका मागे न बघता पळाल्या.

२५ सप्टेंबर
मुलं म्हणाली, बाई, मधल्या सुट्टीत एक ओला माणूस तुमचं घर विचारत होता. बिचारा कुडकुडत होता.
ऊन तर मी म्हणत होतं.

२६ सप्टेंबर
उंबऱ्यावर पाणी. बोट बुडवून चाखलं, खारट. काकू लेकीकडे निघून गेली. जाताना म्हणाली, तू बोलावलंस, तूच पाठव. नाहीतर तो आईकडे जाईल आणि तिला घेऊन परत फिरेल. बुडालेल्यांना तिथे एकटं राहवत नाही.

२७ सप्टेंबर, दुपार
दाराबाहेर आहे. आवाज त्याचाच — ओरडून ओरडून बसलेला —
ताई, तू तरी आलीस, म्हणतो. खूश आहे. आईकडे जाणारी बोट कधी, विचारतो —

एकच वाक्य. दाराला तोंड लावून दोनदा — नाही. गळ्यातून निघत नाही. देवा, त्याला किती आनंद झालाय —

बोट भोंगा देतेय. तो जायला वळला. थांब रे — बोलवत नाही तर लिहून दाराखालून सरकवते, थांब —

मिल्तोस, राजा, तू